‘एकदा बंद करून चालू करा’ : घरगुती संगणक आणि वायफायच्या उपायांचा इतिहास

प्रस्तावना

घरातले नेट बंद पडले की काही सल्ले हमखास कानावर येतात. राउटर बंद करून पुन्हा चालू करा. तो उंचावर ठेवा. लोखंडी कपाटाच्या मागे ठेवू नका. मायक्रोवेव्हजवळ नको. चॅनेल बदलून पाहा. पासवर्ड बदला. हे सल्ले शेजारी देतो, दुकानदार देतो, लहान भाऊही देतो. आजीबाईच्या बटव्यातल्या औषधांसारखे ते वापरले जातात. गुण आला तर ठीक, नाही आला तर पुढची पुडी.

या पाठात आपण या बटव्याचा इतिहास पाहणार आहोत. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या तरी वर्षी, कुठल्या तरी तांत्रिक किंवा सरकारी निर्णयामुळे जन्माला आला आहे. तो निर्णय माहीत असला की सल्ला केव्हा लागू पडतो आणि केव्हा त्याची मुदत संपली, हे तुम्हाला स्वतः ठरवता येते. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग आणि परीक्षा घरात आल्या, तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात रेंज न मिळणे हा शिक्षणाचाच प्रश्न झाला. म्हणून हा विषय वरवर किरकोळ दिसला, तरी त्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यायला हवे.

भिलाईचेच उदाहरण का?

नागपूर-हावडा लोहमार्गावरचे भिलाई आज छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात आहे. १९५६ पर्यंत हा भाग ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे या पट्ट्याशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याभोवती सेक्टरांत आखलेली वसाहत उभी राहिली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे तिथे राहू लागली.

आपल्या विषयासाठी भिलाई दोन कारणांनी सोयीचे आहे. पहिले असे की, रूळ, जाड प्लेटा आणि स्लॅबमध्ये पडणाऱ्या सळ्या बनवणारे हे गाव आहे आणि घरातल्या वायफायचा पोलादाशी रोजचा झगडा असतो. दुसरे असे की, हे महानगर नाही. नवी सोय आधी मुंबई-दिल्लीत येते आणि मग अशा गावांपर्यंत पोचते. सोय पोचते, पण तिच्यामागे दुरुस्तीची यंत्रणा तितक्या लवकर पोचत नाही. ती पोकळी शेजारपाजारच्या सल्ल्यांनी भरून निघते.

‘बंद करून चालू करा’

हा बटव्यातला सर्वांत जुना उपाय. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यावर काम करणारे अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबून यंत्र नव्याने सुरू करण्याची सोय केली. ती मुळात यंत्र बनवणाऱ्यांसाठी होती. चाचणी घेताना दर वेळी वीज बंद करून थांबावे लागू नये, एवढाच हेतू. पुढे ती कोट्यवधी लोकांची सवय झाली. भारतात १९८४ च्या संगणक धोरणानंतर आयात सुलभ झाली, सुटे भाग जोडून संगणक बनवणारी दुकाने वाढली, आणि यंत्राबरोबर ही सवयही घरोघर पोचली.

हा उपाय चालतो तो का? संगणकाच्या चालत्या स्मृतीत दिवसभरात अर्धवट कामांचा पसारा साचतो. वीज गेली की ती स्मृती कोरी होते आणि यंत्र ठरलेल्या पहिल्या पायरीपासून सुरुवात करते. राउटरचेही तसेच. इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे आणि ती अपुरी पडणार हे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले होते. त्यावर १९९४ मध्ये एक तोडगा मांडला गेला : घरातल्या सगळ्या यंत्रांनी बाहेर एकच पत्ता वापरायचा आणि कोणते उत्तर कोणाचे, याची नोंदवही मधल्या यंत्राने ठेवायची. तुमचा राउटर आजही ही वही सांभाळतो. स्वस्त राउटरची स्मृती बेताची असते. वही भरली किंवा गोंधळली की नेट अडखळते आणि बंद करून चालू केले की कोरी वही मिळते.

मर्यादाही इथेच कळते. रस्त्यावर केबल तुटली असेल तर राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बंद करताना पसाऱ्याबरोबर पुरावाही पुसला जातो. म्हणून आधी राउटरवरचे कोणते दिवे लागलेत, कोणता लुकलुकतो, कोणता लाल आहे हे पाहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. मग बंद करा.

तारेचा काळ आणि त्या काळचे उपाय

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. सुरुवात मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा मोठ्या शहरांतून झाली. भिलाई त्या पहिल्या यादीत नव्हते. दूरध्वनीच्या तारेवरून नंबर फिरवून जोडणी करायची, त्या सुरुवातीच्या जोडणीचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. बोलणे आणि नेट दोन्ही एकाच तारेवर, एकाच स्वरपट्टीत. कोणी आतल्या खोलीतला फोन उचलला की जोडणी तुटे. ‘नेट चालू असताना फोन उचलू नका’ हा त्या काळचा सर्वांत महत्त्वाचा घरगुती नियम होता. आज तो कोणी सांगत नाही, कारण त्याचे कारणच उरले नाही.

ऑक्टोबर २००४ च्या धोरणात सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या किमान २५६ किलोबिट अशी केली आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ही सेवा सुरू केली. तार जुनीच, युक्ती नवी. माणसाचा आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत बसतो. त्याच्या बरीच वरची, २५ किलोहर्ट्झपासून सुमारे ११०० किलोहर्ट्झपर्यंतची पट्टी तारेत रिकामी पडून होती. ती नेटसाठी वापरली गेली. दोन्ही वेगळे करायला स्प्लिटर नावाची छोटी डबी आली आणि तिच्याबरोबर नवे सल्ले आले : फोन थेट तारेला जोडू नका, स्प्लिटरमधून जोडा. तारेतले जादा जोड काढून टाका. पावसाळ्यात नेट मंदावले तर बाहेरच्या डबीत पाणी गेले का पाहा.

या सल्ल्यांतही भौतिकशास्त्र होते. वरच्या वारंवारतेचा सिग्नल तांब्याच्या तारेत लवकर क्षीण होतो. एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटर दूरच्या घराला वेग कमी मिळे तो यामुळे, आणि तारेच्या जोडात ओल शिरली की परिणाम प्रथम नेटवर दिसे तोही यामुळेच. फोनवर बोलणे चालू, पण नेट बंद, हा तेव्हाचा नेहमीचा अनुभव होता.

आता घरात काचेच्या तंतूची केबल आली असेल, तर स्प्लिटरचा आणि ओल्या जोडाचा सल्ला विसरा. तिथे नवा नियम आहे : केबल अंगठीसारखी वळवू नका. तीव्र वळणावर प्रकाश तंतूच्या बाहेर निसटतो. डबीवर ‘लॉस’चा लाल दिवा लागला, तर बाहेरून प्रकाशच पोचत नाही असे समजा आणि थेट तक्रार नोंदवा.

परवाना गेला, शेजार आला

आता बिनतारी भागाकडे वळू. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांच्या चौकटीत भारतात बिनतारी यंत्र बाळगायलाही परवाना लागत असे. घरातल्या रेडिओसाठी पोस्टात परवाना शुल्क भरल्याची आठवण तुमच्या आजी-आजोबांना असेल.

अमेरिकेने मे १९८५ मध्ये काही वारंवारता विनापरवाना वापरासाठी मोकळ्या केल्या. त्यातूनच पुढे १९९७ मध्ये आयईईईचे ८०२.११ हे मानक आले आणि १९९९ मध्ये सेकंदाला ११ मेगाबिट वेगाचे ८०२.११बी. वायफाय हे नावही १९९९ चेच. भारतात सुरुवातीला घरांत, कार्यालयांत आणि कमी शक्तीपुरतीच मुभा होती. २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झजवळच्या पट्ट्यांना त्याच सुमारास फक्त इमारतीच्या आत परवानगी मिळाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ती बाहेरही लागू झाली.

योगायोग पाहा. तारेवरचे ब्रॉडबँड आणि हवेतली मोकळीक, दोन्ही एकाच महिन्यात आली. भारतीय घरातल्या राउटरचा जन्ममहिना जानेवारी २००५ आहे असे म्हणायला हरकत नाही.

पण या मोकळिकीला अट होती. वापर सामायिक राहील, इतरांना अडथळा करायचा नाही आणि तुम्हाला अडथळा झाला तर संरक्षण मिळणार नाही. याचा अर्थ नीट समजून घ्या. शेजाऱ्याच्या राउटरमुळे तुमचे नेट रेंगाळले तर दाद मागायला कोणी नाही. परवाना होता तेव्हा कोणी कुठे बोलायचे हे सरकार ठरवत होते. परवाना गेला आणि ते ठरवण्याचे काम घरोघरच्या समजुतीवर आले. चॅनेल बदला, राउटर हलवा हे सल्ले म्हणजे त्या रिकाम्या जागी तयार झालेला शेजारधर्म आहे.

चॅनेल १, ६, ११ आणि मायक्रोवेव्ह

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे. त्यात चॅनेल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आखले आहेत, पण एका राउटरला सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा लागते. म्हणजे चार नंबरवर बसलेला राउटर एकच्याही अंगावर येतो आणि सहाच्याही. एकमेकांना न खेटता बसणारे तिघेच : १, ६ आणि ११.

‘रिकामा दिसतो म्हणून ३ निवडा’ हा सल्ला म्हणूनच फसवा आहे. एकाच चॅनेलवरची यंत्रे एकमेकांचे ऐकून पाळीपाळीने बोलतात. या शिस्तीचा पूर्वज १९७१ मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांनी सुरू केलेल्या अलोहानेटमध्ये सापडतो. संदेश पाठवा, टक्कर झाली तर थोडे थांबा, पुन्हा पाठवा. अर्धवट खेटलेल्या चॅनेलवरच्या यंत्रांना मात्र दुसऱ्याचे बोलणे नीट समजत नाही, फक्त गोंगाट ऐकू येतो. अर्धवट खेटण्यापेक्षा सरळ एकाच रांगेत उभे राहणे बरे.

आणि मायक्रोवेव्ह? १९४५ मध्ये रेथियन कंपनीतले पर्सी स्पेन्सर यांना रडारच्या लहरींनी अन्न तापते हे दिसले. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेत २.४५ गिगाहर्ट्झभोवतीचा पट्टा औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय यंत्रांसाठी राखला गेला. भट्ट्या आणि ओव्हन तिथे गोंगाट करत असल्याने दळणवळणासाठी तो पट्टा कोणी मागत नव्हते. मोकळा मिळाला तो म्हणूनच. वायफायने भाड्याचे घर घेतले ते स्वयंपाकघराशेजारी. दूध तापत असताना व्हिडिओ अडखळला, तर त्याचे मूळ १९४७ सालात आहे. राउटर ५ गिगाहर्ट्झवर चालत असेल, तर हा सल्ला तुम्हाला लागू नाही.

पोलाद, पाणी आणि भिंत

१८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात विद्युतचुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. लहर भिंत ओलांडते हे तेव्हाच लोकांनी पाहिले. प्रश्न एवढाच की भिंतीत काय आहे.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर आहे, ५ गिगाहर्ट्झची सहाच्या आसपास. धातूचा सलग पत्रा लहर परत फेकतो. जाळीची भोके लहरीपेक्षा खूप लहान असली, तर जाळीही पत्र्यासारखी वागते. मायक्रोवेव्हच्या दारातली जाळी याच तत्त्वावर बसवलेली असते. विटांची भिंत सिग्नलला थोडे थकवते. सळ्यांचा स्लॅब त्याहून अधिक थकवतो, आणि ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींत आणखी लवकर संपतो.

आता भिलाईतल्या घराचा विचार करा. खालच्या मजल्यावर राउटर, वरच्या खोलीत अभ्यास, मध्ये स्लॅब. कदाचित त्यातली सळी गावातच ओढलेली असेल. राउटर लोखंडी कपाटाच्या वर मागे सरकवलेला. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा नागपूरसारखाच इथेही खिडकीत कूलर बसतो : पत्र्याचा डबा, तळाशी पाणी, बाजूंना ओल्या ताट्या. पत्रा लहर परत फेकतो आणि पाणी ती शोषते. मार्चपर्यंत ओट्यावर मिळणारी रेंज एप्रिलमध्ये गेली, तर कंपनीला फोन लावण्याआधी खिडकीत नवे काय बसले ते पाहा.

‘उंचावर आणि मध्यभागी ठेवा’ हा सल्ला यातूनच आला. नेहमीच्या छोट्या अँटेना उभ्या असतील, तर सिग्नल मुख्यतः आडवा पसरतो आणि थेट वर-खाली कमी जातो. एकाच मजल्यावर वापर असेल तर अँटेना उभ्या ठेवा. दोन मजल्यांवर असेल तर एक आडवी करून पाहा.

पासवर्ड : सर्वांत महागात पडलेला दुर्लक्षित सल्ला

पहिल्या वायफायबरोबर आलेली वेप ही कुलूपपद्धत २००१ मध्ये फ्लुरर, मॅन्टिन आणि शमीर या संशोधकांच्या कामामुळे कमकुवत ठरली. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आले. पण घराघरांतले राउटर जुन्याच कुलपावर किंवा कुलपाविनाच चालत राहिले.

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बाँबस्फोटांशी संबंधित ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफाय जोडणीवरून गेल्याचे तपासात दिसले. पोलीस त्या घरी पोचले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या आणि एका छोट्या कंपनीच्या जोडण्यांचाही असाच गैरवापर झाला. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सेवा देणाऱ्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना दिल्या. कुलूप न लावलेल्या राउटरचा मालक चौकशीच्या फेऱ्यात सापडतो, हे देशाने तेव्हा पाहिले.

राउटरला दोन पासवर्ड असतात हे अनेकांना माहीत नसते. एक वायफायला जोडण्याचा आणि दुसरा राउटरच्या आतल्या सेटिंगचा. दुसरा बहुतेकदा कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’ हाच राहतो. जुलै २०१७ मध्ये नेमके असेच मोडेम एका घातक प्रोग्रामने गाठले. बीएसएनएलच्या ग्राहकांचे, विशेषतः कर्नाटकातले, हजारो मोडेम बंद पडले आणि ग्राहकांना मूळ पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. तेव्हा नुसते बंद-चालू करून भागले नाही.

उपाय तपासायचा कसा?

इतिहासात आपण साधनाला प्रश्न विचारतो : हे कोणी, केव्हा, कोणत्या परिस्थितीत सांगितले? घरगुती सल्ल्यालाही तसेच विचारा. मग पुढील क्रमाने पाहा.

१. बिघाड एकाच यंत्रावर आहे की सगळ्यांवर? एकावर असेल तर राउटरला हात लावू नका.
२. राउटरला तारेने जोडल्यावर नेट चालते का? चालत असेल तर दोष हवेत आहे. चालत नसेल तर राउटरमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे.
३. अलीकडे काय बदलले? नवे कपाट, नवा शेजारी, कूलर, पाऊस, वीज जाणे.
४. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि नोंद ठेवा. चार उपाय एकदम केले, तर कशाने गुण आला ते कळत नाही आणि पुढच्या बिघाडाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

समारोप

फोन न उचलण्याचा नियम डायल-अपबरोबर गेला. स्प्लिटर तांब्याबरोबर जातो आहे. मायक्रोवेव्हचा सल्ला २.४ गिगाहर्ट्झ आहे तोवर राहील. भिंत, पोलाद आणि पाणी मात्र कुठल्याही मानकाला जुमानणार नाहीत. पासवर्डचा सल्ला सर्वांत कंटाळवाणा वाटतो, पण तो न पाळल्याचा भुर्दंड लोकांनी खरोखर भरला आहे. म्हणून आजच तुमच्या राउटरचा आतला पासवर्ड बदलला आहे का, ते पाहा.

स्वाध्याय

१. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दूरध्वनी, डायल-अप, ब्रॉडबँड आणि वायफाय घरात कोणत्या वर्षी आले याची नोंद करा. जुनी बिले मिळाल्यास तारखा पडताळा.
२. तुमच्या परिसरात ऐकू येणारे पाच सल्ले लिहा. प्रत्येकाचे मूळ कारण आज शिल्लक आहे का, ते सांगा.
३. ‘परवानामुक्त म्हणजे नियममुक्त नव्हे.’ २००५ च्या अटींच्या आधारे चर्चा करा.
४. घराचा साधा नकाशा काढून धातू, पाणी आणि स्लॅब कुठे आहेत ते दाखवा, आणि राउटरची योग्य जागा कारणासह सुचवा.